आफ्रिकावाल्याची मिल

उदगीर, १४ एप्रिल २०१६

चि. अमृत,

फोटो मिळाला. तुझ्या मागं खांद्याला लागणारी हिरवीगार तूर आहे आणि तू दात काढून हसतो आहेस. हा फोटो मला कशासाठी पाठवलास ते आधी सांग. तू सुखात आहेस हे कळावं म्हणून, की इथं दोन वर्षं काही उगवलं नाही याची आठवण राहावी म्हणून?

फोनवरच विचारलं असतं. पण फोनवर तू गोड बोलतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की जे विचारलं त्याचं उत्तर मिळालंच नाही. ‘आवाज तुटतोय अक्का’ म्हणतोस. कागदावर आवाज तुटत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

मिल बंद आहे. भरडायला तूरच नाही तर मिल कशाला चालेल? चांदपाशा मिस्त्री सवयीनं सकाळी येतो, मशीन पुसतो, चहा पितो आणि घरी जातो. दुकानात डाळ काचेच्या बरणीत ठेवायला लागलेत, बदाम ठेवतात तशी. परवा लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ते बघायला माणसं स्टेशनवर गेली होती. आपल्याकडे टँकर येतो, पण तो आधी कुणाच्या गल्लीत वळतो यावर रोज भांडणं. त्यात धान्याच्या मोंढ्यातले किशनराव अडते सगळ्यांना सांगत फिरतात की पंधरा ऑगस्टला उदगीर जिल्हा होणार. लोकांना प्यायला पाणी नाही आणि बसस्टँडमागच्या प्लॉटांवर ‘नियोजित जिल्हा कचेरीजवळ’ असे फलक लागलेत.

दिवाळीत तू लातूरची नोकरी सोडलीस, बॅग भरलीस आणि हैदराबादेहून विमानात बसल्यावर अप्पांना फोन केलास. बंदर नाकाला, गाव नामपुला, देश मोझांबिक. ही नावं मी चांदपाशाच्या पोराच्या नकाशात शोधली. तिथल्या लोकांना तूर शिकवायला समुद्राकाठच्या देशांनी मिळून संस्था काढली आणि त्यांना उदगीरचाच माणूस सापडला, हे मला अजून पटलेलं नाही.

आता मुद्द्याचं. माडीवरच्या कोठीत अव्वानं जाण्याआधी राख लावून ठेवलेलं लाल तुरीचं बी होतं. तू गेलास तेव्हापासून कोठी रिकामी आहे. अप्पा म्हणतात, “त्यानंच नेलं.” मी तुझ्या बाजूनं काही बोलले नाही, कारण मला माहीत नाही. बी तू नेलंस का? हो की नाही, एवढंच लिही.

अक्का

---

उदगीर, २२ जुलै २०१६

चि. अमृत,

तुझं पत्र मी दोन वेळा वाचलं. त्यात ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. त्याऐवजी तू मला समुद्र शिकवलास. ज्या ज्या देशांना हिंदी महासागराचं पाणी लागतं ते सगळे म्हणे एका अंगणातली घरं. एकाकडे दुष्काळ पडला तर दुसऱ्यानं धान्य द्यायचं, एकाची शेती मागं पडली तर दुसऱ्यानं शिकवायचं. अमृत, आपल्या घराला कुठला किनारा आहे रे? उदगीरहून समुद्र बघायचा तर एक रात्र गाडीत बसावं लागतं. अंगण एक म्हणतोस, पण अंगण झाडायचं कुणी आणि वाळवण घालायचं कुणी हे काही लिहिलं नाहीस.

पेपरात बातमी आली. आपल्या सरकारनं मोझांबिकशी तुरीचा करार केला. दरवर्षी तिकडची तूर जहाजानं इकडे येणार. तुला हे दिवाळीतच ठाऊक होतं ना? तू गेलास ते शिकवायला, की आमच्या पोटावर पाय द्यायला?

बातमी आली त्या दिवशी किशनराव मिलवर आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, “शिवकांताबाई, तुमचा भाऊ तिकडं काय करून राहिला, समद्या मोंढ्याला कळलंय. आता तुम्ही कोन्या बाजूच्या ते सांगा.”

मी म्हणाले, “मी मिलवाली हाय. तूर येईल त्या बाजूची.”

त्यांना ते आवडलं नाही. तेव्हापासून आपल्या मिलला ‘आफ्रिकावाल्याची मिल’ म्हणायला लागलेत. कमलम्मा मावशीसुद्धा गिरणीचा पत्ता सांगताना तसंच म्हणाली आणि मग जीभ चावली.

पाऊस चांगला आहे. अख्ख्या तालुक्यानं तूर पेरलीय, भाव बघून. आपणही पेरली, विकतचं बी आणून. अप्पा रोज शेतात जातात आणि बांधावर बसून मोझांबिकला शिव्या देतात.

अक्का

---

उदगीर, १८ डिसेंबर २०१६

चि. अमृत,

तू पाठवलेली बाई येऊन गेली. मला आधी कळवलं नाहीस. मिलच्या दारात मोठी गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, आयकरवाले आले.

ती उतरली. उंच, काळीसावळी, कमरेला फुलाफुलांचं कापड लुंगीसारखं गुंडाळलेलं, डोक्याला तसलंच. नाव अमेलिया. तुझ्या नामपुलाकडच्या बायांची शेतकरी संघटना तिच्या हाताखाली आहे म्हणे. सोबत मिनेझिस नावाचे गोव्याचे म्हातारे मास्तर, तिची भाषा मराठीत करायला. नांदेडला उतरले होते. तिथं त्यांना गुरुद्वारा दाखवला, अर्धापूरला केळीच्या बागा दाखवल्या, आणि सगळ्यांत शेवटी ‘अमृतरावांच्या बहिणीची मिल’. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे मला मिनेझिसांनी सांगायची गरज नव्हती.

मी तिला मिल दाखवली, पण चाळण्या झाकून ठेवल्या. का झाकल्या विचारशील तर सांगते. परदेशातली माणसं वही-पेन घेऊन आली की मला आधी भीती वाटते. आज तूर शिकले, उद्या डाळ करायला शिकतील. मग आम्ही काय करायचं?

ती हसली. मिनेझिस म्हणाले, “ती म्हणता, तुमी तिला चोर समजता.”

मी म्हणाले, “तिला सांगा, समजते.”

मास्तरांना घाम फुटला. पण त्यांनी सांगितलं असावं, कारण ती मोठ्यानं हसली आणि माझ्या शेजारी पोत्यावर येऊन बसली. मग मी सरळच विचारलं, लाल तुरीचं बी माझ्या भावानं तुमच्याकडे आणलं का. ती म्हणाली, तूर तिच्या आजीच्या आजीपासून तिथं आहे. घराभोवती लावतात, कोवळ्या शेंगा उकडून खातात. तुझ्या भावानं बी काही आणलं नाही, फक्त ओळीत पेरायला लावली आणि विकता येते हे सांगितलं.

अप्पा तिथंच कोपऱ्यात खाटेवर होते. मला वाटलं झोपलेत. ते उठून बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “बी मीच पेरलं. मागल्या साली, दुबार पेरणीला. समदं करपून गेलं. तुझ्या अव्वाचं बी व्हतं, कोन्या तोंडानं सांगू?”

एप्रिलपासून मी तुला बियाचं विचारत होते आणि बाप शेजारी बसून ऐकत होता. तूही ‘नाही’ एवढा एक शब्द लिहिला नाहीस. तुला ठाऊक होतं का, अप्पांनी काय केलं ते? त्यांना वाचवत होतास का? की मी विचारायलाच नको होतं म्हणून रुसला होतास? तुमच्या दोघांचं मला काही कळत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. निघताना अमेलियानं माझा हात धरला. हसू गेलं होतं. मिनेझिस म्हणाले, “ती विचारता, तुमचा देश तूर घेतच राहील ना? तुमचा भाव, अमृत, म्हणता, घेईल. तिच्या बायका मका सोडून तूर पेरूक बगतात. ती विचारता, तुमचा भाव खरो माणूस काय?”

म्हणजे ती सात समुद्र ओलांडून डाळीची मिल बघायला आली नव्हती. तुझी चौकशी करायला आली होती. सोयरीक जमवताना मुलाकडचं घर बघून येतात तशी.

आणि अमृत, जिचा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही ती मी, परक्या बाईसमोर ताठ उभी राहून म्हणाले, “माझा भाऊ खोटं बोलत नाही.”

तिनं माझा हात कपाळाला लावला आणि गाडीत बसली.

मी बरोबर सांगितलं ना? या वेळी तरी हो की नाही लिही.

अक्का

---

उदगीर, ९ एप्रिल २०१७

चि. अमृत,

तूर इतकी झाली की ठेवायला जागा नाही. गेल्या वर्षी काचेच्या बरणीत होती ती आता रस्त्यावर आहे. मोंढ्यात कुणी भाव विचारत नाही. सरकारी खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरांची रांग नांदेड रोडपर्यंत गेलीय. आज भरायला बारदाना नाही, उद्या काटा बंद, परवा ग्रेडर रजेवर. अप्पा पोत्यांवर ताडपत्री टाकून रांगेतच राहतात. डबा घेऊन मी जाते. त्यांच्या ओठांची सालं निघालीत उन्हानं. परवा चक्कर आली, तरी जागा सोडून घरी यायला तयार नाहीत. म्हणाले, “मी गेलो तर मागचा पुढं सरंल.”

आणि पेपरात रोज येतं, बंदरात परदेशी तुरीची जहाजं लागली. आपली रांगेत आणि तुमची जहाजात.

लातूरला मोर्चा निघाला. किशनराव पुढं होते. आता जिल्ह्याचं बाजूला ठेवून ते तुरीचे पुढारी झालेत. मी गेले. गांधी चौकातून कलेक्टर कचेरीपर्यंत चालले आणि ‘आयात बंद करा’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले. सगळ्यांनी वळून बघितलं, आफ्रिकावाल्याची बहीण ओरडतेय म्हणून. त्यांना दाखवायला ओरडले असं तू म्हणशील. नाही. अप्पांच्या ओठांसाठी ओरडले.

तुझं पत्र काल आलं. “अक्का, तू तरी मोर्च्यात जाऊ नकोस. इथल्या बायांनी मका सोडून तूर लावलीय.” पत्र उशिरा आलं, पण वेळेवर आलं असतं तरी गेले असते. अमृत, तू कुणाचा आहेस? तिकडच्या बायांचं दुःख तुला लगेच कळतं. बाप रांगेत पडलाय याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

आणि डिसेंबरात विचारलं होतं, ‘मी बरोबर सांगितलं ना’, त्याचंही उत्तर नाही.

अक्का

---

उदगीर, २० सप्टेंबर २०१७

अमृत,

सरकारनं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. किशनरावांनी मोंढ्यात पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

त्यानंतर बारदाना मागायला मी त्यांच्या गोडाऊनला गेले. गडी जेवायला गेला होता, दार उघडं होतं. आत थप्पीवर थप्पी. पोत्यांवर रोमन अक्षरांत छापलेलं होतं आणि खाली देशाचं नाव. मोझांबिक. मी उभीच राहिले. मागून किशनराव आले. घाबरले वगैरे काही नाहीत. म्हणाले, “असं का बघून राहिलाव? धंदा हाय. बंद व्हायच्या आत भरून घेतलं. आता भाव चढंल.”

“आन मोर्चा?”

“मोर्चाबी खराच व्हता की, बाई.”

सगळ्या जगावर संशय घेणारी मी, या माणसावर मात्र कधी घेतला नाही. त्याच्या मागं चालत घसा फोडला.

तू काही कळवलं नाहीस. तुझा फोन बंद. शेवटी मिनेझिस मास्तरांचा फोन आला. त्यांच्याकडून कळलं ते असं: तिकडे आता सुगी आहे. बायांनी तूर काढून पोती भरली आणि घ्यायला कुणी आलं नाही. खरेदीवाल्या कंपन्यांनी काटे उचलले, माणसं निघून गेली. तुझ्या संस्थेनं तुला राजधानीत बोलावलं, पण तू गेला नाहीस. बाया पोती घेऊन तुझ्या घरापुढं बसल्यात. रागावलेला एक जण दगड घेऊन धावला तेव्हा अमेलिया मध्ये उभी राहिली, आणि म्हणाली, याच्या बहिणीनं माझ्या हातात हात असताना सांगितलं होतं हा खोटं बोलत नाही. आता तिलाच विचारा.

हे मला तू का सांगितलं नाहीस? माझं नाव त्या लोकांच्या तोंडी आहे आणि मला ते गोव्याच्या मास्तरांकडून कळतं.

मी मिनेझिसांना म्हणाले, मला तिच्याशी बोलायचंय. त्यांनी जोडून दिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एकच विचारलं, तू माझ्याशी खोटं बोललीस का?

मी म्हणाले, न्हाई. मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, मग ये आणि हे इथं येऊन सांग.

मी येते आहे. पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन गेले. त्यांनीही विचारलं, आफ्रिकेत काय काम आहे? सांगितलं, एका बाईला उत्तर द्यायचंय. त्यांनी ‘नातेवाइकांची भेट’ असं लिहिलं. तिकिटाला अव्वाच्या पाटल्या मोडल्या. तुझ्या संस्थेचा पैसा नको. कपाटातून पाटल्या अप्पांनीच काढून दिल्या. मिल चांदपाशा बघेल.

विमानतळावर तू येऊ नकोस. अमेलियाला पाठव. आधी तिचं ऐकीन, मग तुझं.

अक्का

---

नामपुला, ३ नोव्हेंबर २०१७

ती. अप्पांना शरणु.

तुम्हाला आता फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. चांदपाशा वाचून दाखवील. चांदपाशा, मधलं काही गाळू नको, मी आल्यावर विचारणार आहे.

अमृत बरा आहे. हिवतापानं वाळलाय, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. मी सांगूनही विमानतळावर आला होता, अमेलियाच्या मागं, लांब उभा. मी आधी तिच्याकडे गेले. तो तिथंच उभा राहिला. मग मलाच राहवलं नाही.

तुम्ही विचारलं होतं इथली माती कशी. तांबडी आहे, हलकी. आपल्या मातीसारखी पायाला चिकटत नाही. घरं कुडाची, दारात तूर, आणि प्रत्येक घरात पोती. एका घरात पोरं पोत्यांवर झोपली होती. मला तुमची रांग आठवली.

चार दिवसांपूर्वी सगळ्या बाया काजूच्या मोठ्या झाडाखाली जमल्या. चटयांवर बसलेल्या, कडेला थोडे पुरुष उभे. अमेलियानं मला मध्ये उभं केलं आणि म्हणाली, बोल.

मी मराठीत बोलले, अमृत त्यांच्या भाषेत सांगत होता. मी सांगितलं, की मी हिला शब्द दिला तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. भावाची इज्जत राखायला बोलले. आमच्याकडे दुष्काळानंतर एकदम तूर झाली, माझा बाप रांगेत पडला, म्हणून मी मोर्च्यात गेले आणि तुमची तूर बंद करा म्हणून ओरडले. परत तशी वेळ आली तर परत ओरडेन. पण तुमच्या दारात पोती आहेत हे मी बघितलं नव्हतं.

एवढं मोठं बोलले आणि अमृतचं दोन वाक्यांत संपलं. मी त्याचं मनगट धरलं. “एवढंच? मोर्च्याचं सांगितलंस का?” त्याची मान खाली. भाषा कळली नाही तरी बायांना ते कळलं, दोघी-तिघी हसल्या. मग त्यानं सगळं सांगितलं. मोर्च्याचंही. हसू थांबलं.

मला वाटलं, आता दगड येतो. मग पुढं बसलेल्या एका म्हातारीनं काही विचारलं. अमृत म्हणाला, “अक्का, ती विचारतेय, आमची तूर बंद केल्यावर तुम्हाला भाव मिळाला का?”

मी म्हणाले, “न्हाई.”

म्हातारीनं जिभेनं चक् केलं, आपली कमलम्मा मावशी करते तसं, आणि शेजारणीकडे बघितलं.

तेव्हापासून रोज मी त्यांना घरच्या घरी डाळ करून दाखवते आहे. पाणी लावायची, उन्हात टाकायची, भरडायची. इथं जातं नाही, उखळ आहे. अर्धी डाळ चुरा होते. तरी शहरात गुजराती दुकानदार आहेत, ते घेऊ म्हणाले. खरंच घेतील का, मला शंका आहे. मी तसं बायांना सांगितलं.

पण मला तुम्हाला त्या दिवसाचंच सांगायचं आहे. सगळ्यात शेवटी अमेलिया उठली आणि तिनं अमृतला विचारलं. मला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. तोच होता. पुढल्या वर्षी तुझा देश तूर घेईल का?

अमृतनं तोंड उघडलं. अप्पा, तो काय करणार मला ठाऊक होतं. समुद्र सांगणार, अंगण सांगणार, देशांच्या बैठका सांगणार. तो लहानपणापासून असाच. खोटं बोलत नाही, पण हो-नाही म्हणायची वेळ आली की त्याला गोड काहीतरी सुचतं. त्यानं सुरुवात केलीसुद्धा. मग माझ्याकडे बघितलं आणि थांबला. एकच शब्द बोलला.

मी विचारलं, “काय म्हणालास?”

मराठीत म्हणाला, “माहीत नाही म्हणालो, अक्का.”

झाडाखाली कुजबुज झाली. दोन पुरुष पाठ फिरवून निघून गेले. अमेलिया त्याच्याकडे बघत राहिली. मग ती खाली बसली, जरा बाजूला सरकली, आणि चटईवर त्याच्यासाठी जागा केली.

तुमची,
शिवकांता